तांदळाच्या डब्यातला राउटर

"ताई, मोबाइल काढून घेऊ का, तेवढं सांगा." २०२१च्या जुलैत माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या दादूच्या आईनं खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. (दादू हे खरं नाव नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.) त्या दिवसांत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारायचं.

मुंबईतलं वन रूम किचन. वडील बसवर कंडक्टर, त्यामुळे टाळेबंदीतही ड्युटी चुकली नाही. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाली तेव्हा दादू सातवीत होता. आठवी अख्खी मोबाइलवर गेली. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारनं पबजी या मोबाइल गेमवर बंदी घातली तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली होती. चार दिवसांत गडी फ्री फायर खेळू लागला. माझ्याकडे आले तेव्हा बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार, नुकताच आला होता आणि खेळता खेळता रात्रीचे तीन वाजत होते. आईनं राउटर काढून तांदळाच्या डब्यात पुरला, तर यानं शेजारच्या दादाचं हॉटस्पॉट मिळवलं. शिवाय रात्री हिसकावलेला मोबाइल सकाळी आठच्या तासाला तिलाच त्याच्या हातात द्यावा लागे.

पहिल्या भेटीत मी चूक केली. छानसं वेळापत्रक आखून दिलं. दोन दिवसही टिकलं नाही.

दुसऱ्या भेटीत आई वैतागून बोलून गेली, "आमच्याशी बोलताना अडखळतो, आणि रात्री दोनला गेममध्ये कसा खणखणीत ओरडतो! डावीकडे दोघं आहेत, कव्हर दे!" दादूनं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला.

तो एकटा असताना हळूहळू कळलं. ऑनलाइन तासाला उत्तर देताना तो एका शब्दावर अडकला. बाई सहज म्हणाल्या, "आवाज तुटतोय रे, नेट बघ." नेट व्यवस्थित होतं. चॅटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यानंतर वर्षभर कॅमेरा बंद, माइक बंद. वर्गात तो म्हणजे नावाचं पहिलं अक्षर असलेली गोल चकती, आणि गेममध्ये चौघांच्या स्क्वॉडचा म्होरक्या.

मी म्हटलं, एक मॅच मला दाखव. मॅच जवळजवळ अर्धा तास चालते, मध्ये थांबवता येत नाही आणि आपण उठलो तर उरलेले तिघे उघडे पडतात. "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटल्यावर घरात आकांत का होतो, ते मला त्या दिवशी समजलं. समजावताना तो दोनदा अडखळला, पण बोलायचा थांबला नाही.

आईला मी सांगितलं, चालू मॅच हिसकावायची नाही, "किती झोन राहिलेत?" असं विचारायचं. (गेममधलं मैदान टप्प्याटप्प्यानं आकसत जातं, त्यातला एकेक टप्पा म्हणजे झोन.) पण साडेनऊनंतर नवी मॅच नाही. दहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, वडिलांचाही. (वडिलांना हे जड गेलं, तेही रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघायचे.) अडखळण्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. आईनं बाईंशी बोलून उत्तरं रेकॉर्ड करून पाठवायची मुभा घेतली. पहिल्या आठवड्यात ठरलेलं तीनदा मोडलं, एकदा दारावर बुक्की बसली.

"म्हणजे व्यसनच ना हे, दारूसारखं?" हेही आईनं विचारलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत गेमिंगचा विकार घेतला आहे खरा, पण त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळ्यावर गेमच वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. दादू सांगितलं की दूध आणायला जायचा, बहिणीशी पत्ते खेळायचा. मी शिक्का मारला नाही. मूल जेवण-अंघोळ सोडून बसलं असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर मात्र माझ्यासारखीकडे वेळ न घालवता थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

४ ऑक्टोबरला मुंबईत आठवीपासून पुढचे वर्ग भरले. दादू गेला, पण पहिल्याच दिवशी पोटात दुखतंय म्हणून मधल्या सुट्टीत परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

दिवाळीनंतर आईचा फोन. "ताई, रविवारी चार तास खेळला. काढून घेऊ का?"

"झोपला कधी?"

"साडेदहाला." मग जरा थांबून, "राउटर काढलाय डब्यातून. तांदळाला वास लागला होता प्लास्टिकचा."