‘कोरोना बॅच’ आणि लांबट झालेला गोल

“मॅडम, पोरगं कोरोना बॅचचं आहे हो. पायाच कच्चा राहिला, आता काय शिकणार?”

सोलापुरात अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठूनही पालक माझ्याकडे मुलांच्या शिक्षणाचं विचारायला येवोत, हे वाक्य ठरलेलं. अलीकडे ती मुलं स्वतःच येतात, विशीत पोचलेली. २०२१ साली राज्यात दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे आणि शाळेतले अंतर्गत गुण धरून निकाल लागला, ९९.९५ टक्के. तेव्हा पेढे वाटले गेले, आणि पुढे त्याच निकालावरून “फुकटात पास झालेले” असे टोमणेही सुरू झाले. टोमणे खाऊन खाऊन मुलांना ते खरेच वाटू लागले, हे खरं दुखणं.

त्यातल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरी तेलुगू, बाहेर मराठी, वडील यंत्रमागावर, टाळेबंदीत तीन भावंडांत मोबाइल एकच. बारावी कशीबशी झाली, बी.एस्सी. पहिल्याच वर्षी सुटलं आणि तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला. आईनं ओढून आणलं होतं. सुरुवातीच्या भेटींत त्याचं उत्तर एकच, “मला काय येत नाही मॅडम, लिहून घ्या.” समजूत घालायच्या फंदात मी पडले नाही. आत्मविश्वासावर भाषण ऐकून कुणाचा आत्मविश्वास वाढलेला मी तरी पाहिला नाही.

एकदा सहज विचारलं, “कारखान्यात नेमकं काय करतोस?”

“डिझाइन. संगणकावर. हॉटेलवाल्यांचं नाव, चिन्ह टॉवेलवर विणायचं असतं ना, ते.”

“कोण शिकवलं?”

“कोण शिकवणार? यूट्यूब बघून केलो. अडलं की कारखान्यातल्या मास्तरला विचारायचं.”

“पहिलं काम जमलं?”

तो पहिल्यांदाच हसला. “कुठलं! गोल काढलो होतो, टॉवेलवर अंडं आलं.”

मग माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यानं चौकटी आखल्या. “हे बघा. एक चौकट म्हणजे एक उभा, एक आडवा धागा. समजा इंचाला उभे धागे साठ, आडवे चाळीस. आपण ऐंशी बाय ऐंशी चौकटींत गोल काढला, तर उंची दोन इंच येते, रुंदी सव्वा-दीडच्या मधे. दोन इंचाचा खरा गोल पाहिजे तर आडव्या ओळीत एकशेवीस चौकटी घ्यायच्या, उभ्यात ऐंशी.”

“एकशेवीस कुठून आले?”

“साठ दुणे एकशेवीस. तीनास दोन प्रमाण ठेवायचं, बास.”

मी शाळेचं पुस्तक काढून गुणोत्तर-प्रमाणाचा धडा समोर ठेवला. तो बराच वेळ पान बघत राहिला. “हे तेच आहे की.” मग जरा चिडूनच, “मग तवा का कळलं नाही?”

हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा याचीच मी वाट पाहत होते, आणि घाई केली नाही याचं मला समाधान आहे. उत्तरही त्यानंच दिलं. व्हिडिओ त्यानं दहा ठिकाणी थांबवला, मागे नेला, हातानं करून पाहिलं, चुकल्यावर मास्तरला गाठलं. ऑनलाइन तासाला सर थांबत नव्हते, माइक बंद आणि मोबाइल धाकट्या बहिणीला द्यायचा असे. मोबाइल दोन्हीकडे होता; शिकणाऱ्याच्या हातात सूत्रं मात्र एकाच ठिकाणी होती. अल्बर्ट बँड्युरा हे मानसशास्त्रज्ञ सांगत की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून जमलेल्या गोष्टीतून येतो. माझी सगळी भिस्त त्यावरच असते.

म्हणून पालकांना सांगते, सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून उगाळू नका. आज जिथं अडतंय, तेवढाच मागचा धडा काढा. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. पुस्तकांतले क्यूआर कोड मोबाइलनं उघडून धड्याचे व्हिडिओ बघा. आपल्याच माढा तालुक्यात, परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते पुस्तकांना जोडले होते, त्यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण नुसता व्हिडिओ लावून देऊ नका. अडल्यावर विचारायला एक जिवंत माणूस हवाच, मग तो शेजारचा दादा का असेना. “किती टक्के?” ऐवजी “करून दाखव” म्हणा.

आणि काम सोडून शिकलं तरच शिक्षण, हेही डोक्यातून काढा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ते नोकरी करणाऱ्यांनाही पदवी देतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरायची. पन्नाशीतल्या पालकांनाही मी हेच सुचवते, तेव्हा ते माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, ते सोडा.

मुलगा आता मुक्त विद्यापीठात बी.कॉम. करतोय. रविवारी गणित, तेही सातवीच्या पुस्तकापासून, कारण टक्केवारी तिथं अडते असं त्याचं त्यानंच शोधलं. आईचा मात्र परवाही फोन होता, “मॅडम, बी.एस्सी. परत नाही का करता येणार?” मी म्हटलं, “ताई, त्यालाच विचारा.”