पहिल्यांदाच मोठ्या विमानतळावर जाताय?

घरून निघायच्या आधी टर्मिनल, म्हणजे विमानतळाची इमारत, कुठलं ते पाहून घ्या. तिकिटावरची वेळ विमान सुटण्याची असते, गेट, म्हणजे विमानात चढायचं दार, त्याच्या बरंच आधी बंद होतं. सुरक्षा तपासणीनंतरही गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची पायपीट असू शकते, म्हणून आधी गेट गाठा, मग निवांत टेका. टेकल्यावरही बोर्डावर नजर असू द्या; बोर्डिंग पासवर छापलेलं गेट ऐनवेळी बदलू शकतं.

पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. मर्यादा साधारण १०० वॉट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप). २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरच्या आसपास भरते.

आता बॅगेचं. काउंटरवर लावलेल्या पट्टीवरचा तीन अक्षरी कोड, म्हणजे बॅग जाणार त्या विमानतळाचा, तिथल्या तिथे वाचा. माझ्या बॅगेला एकदा पुढच्या माणसाची पट्टी लागली होती, नजर गेली म्हणून वाचलो! जुन्या प्रवासाच्या पट्ट्या आणि ते चिकटलेले इवलेसे बारकोड घरीच काढून टाका, यंत्राचा गोंधळ होतो. मधे विमान बदलायचं असेल तर बॅग थेट शेवटच्या शहराला जाणार की मधे उचलून पुन्हा द्यावी लागणार, हे विचारून घ्या. लाजू नका, तिथे सगळेच विचारतात.