आयफोनच्या मेल ॲपमध्ये जीमेल उशिरा का येतं, आणि वेळेवर कसं मिळवायचं

नमस्कार ताई,

तुमची अडचण मला समजली ती अशी: अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला, त्यातल्या मेल ॲपमध्ये जुनंच जीमेल खातं जोडलं, आणि आता मेल पंधरा-वीस मिनिटांनी, कधी तर तासाभरानं दिसतात. करसल्लागार असल्यामुळे अशिलांच्या खात्यांचे ओटीपी तुमच्याकडे येतात, पण ते दिसेपर्यंत त्यांची मुदत संपलेली असते. खातं काढून पुन्हा जोडलं, फोन रिसेट केला, तरी फरक नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून खातं ‘एक्स्चेंज’ म्हणून जोडायचा प्रयत्न केला, तेही होत नाही.

तुमच्या फोनमध्ये काहीही बिघडलेलं नाही आणि तुमच्याकडून काही चुकलेलंही नाही. मेल आल्याक्षणी फोन वाजायला मेल देणारा सर्व्हर आणि फोन बनवणारी कंपनी यांच्यात तशी सोय असावी लागते. जीमेल आणि आयफोनचं मेल ॲप यांच्यात ती आज नाही. त्यामुळे ती सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका.

पूर्वी मात्र ती होती, म्हणून जुने सल्ले अजून फिरतात. फोनवर मेल लगेच पोचवणारी मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक नावाची पद्धत आहे. आयफोनला ती 2008 पासून येते. 2009 साली गूगलनं ‘गूगल सिंक’ या नावानं तीच पद्धत जीमेलला लावली. तेव्हा जीमेल खातं एक्स्चेंज म्हणून जोडायचं, सर्व्हरच्या रकान्यात एम.गूगल.कॉम लिहायचं, की मेल लगेच यायला लागायचं. डिसेंबर 2012 मध्ये गूगलनं जाहीर केलं की मोफत खात्यांसाठी 30 जानेवारी 2013 पासून नवीन फोन असे जोडता येणार नाहीत. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन तर याच पद्धतीवर अवलंबून होता. तिथल्या लोकांची अडचण इतकी झाली की त्यांना 31 जुलै 2013 पर्यंत मुदत वाढवून मिळाली. आधी जोडलेले फोन चालू राहिले, आणि पैसे भरणाऱ्या संस्थांच्या खात्यांना ती सोय पुढेही काही वर्षं राहिली. म्हणूनच ‘माझं तर व्यवस्थित चालायचं’ असं सांगणारे लोक भेटतात. ते खरंच सांगतात, पण तुमच्या मोफत खात्याला ती वाट बंद आहे.

मला या निर्णयाचा आजही राग येतो. खुल्या पद्धती वापरा, असं गूगलचं म्हणणं होतं. ते तत्त्व म्हणून योग्यच आहे. पण आयमॅप या मेल आणण्याच्या खुल्या पद्धतीत नवीन मेल लगेच कळवण्याची जी सोय आहे, ती आयफोनचं मेल ॲप वापरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही कंपन्या आपापल्या जागी ठाम राहिल्या आणि वाट बघणं वापरणाऱ्याच्या वाट्याला आलं.

त्या सोयीचं नाव ‘आयडल’. ती 1997 पासूनची आहे. मेल ॲप सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवतं, आणि नवीन मेल आलं की सर्व्हर त्याच जोडणीवरून कळवतो. जीमेलचा सर्व्हर ही सोय देतो, मॅकवरचं मेल ॲप ती वापरतं. तुमच्याकडे मॅक असेल तर तिथे मेल आधी आणि आयफोनवर नंतर दिसतं, ते यामुळेच. फोनवर अशी जोडणी सतत उघडी ठेवली तर बॅटरी उतरते. म्हणून ॲपलनं सगळ्या सूचनांसाठी स्वतःची एकच वाट ठेवली आहे. मोठ्या सोसायटीत प्रत्येक कुरिअरवाला थेट वर येत नाही, गेटवरच्या वॉचमनला सांगतो आणि तो इंटरकॉम करतो, तसंच हे. ॲपलच्या स्वतःच्या आयक्लाउडचं मेल या वाटेनं येतं. फास्टमेल या मेल सेवेनं 2015 साली ॲपलच्या मेल ॲपसाठी हीच सोय मिळवली. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक.कॉमचं खातं ॲक्टिव्हसिंकनं लगेच येतं. जीमेलला मेल ॲपमध्ये यातलं काहीच नाही.

राहिलं ते ‘फेच’, म्हणजे ठरावीक वेळानं फोननं स्वतः जाऊन बघणं. सेटिंग्जमध्ये मेल अकाउंट्सखाली ‘फेच न्यू डेटा’ उघडा. जीमेलसमोर ‘पुश’, म्हणजे मेल आल्याक्षणी सर्व्हरनं कळवणं, हा पर्यायच नसेल. सर्वात कमी अंतर 15 मिनिटांचं आहे. तिथे ‘ऑटोमॅटिकली’ निवडलेलं असेल तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे मेल आणतो. दिवसभर शांतता आणि रात्री चार्जर लावला की मेलची रांग, असं होत असेल तर कारण हेच. बॅटरी वाचवणारा ‘लो पॉवर मोड’ चालू असेल तर हे फेचसुद्धा थांबतं.

आता उपाय. मी सगळ्यांना एकच सुचवतो: वाजायचं काम जीमेलच्या स्वतःच्या ॲपला द्या. ते गूगलचं असलं तरी ॲपलच्या त्याच वाटेनं सूचना पाठवतं, त्यामुळे मेल आलं की लगेच कळतं. वाचायला मेल ॲपच आवडत असेल तर तेही ठेवा, फक्त तिथल्या जीमेल खात्याच्या सूचना बंद करा, नाहीतर प्रत्येक मेल दोनदा वाजेल. आयओएस 14 पासून जीमेललाच मुख्य मेल ॲप करता येतं, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर टिचकी मारली की तेच उघडेल.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा, कारण तुमचा प्रश्न ओटीपीचा आहे. जीमेल ॲपच्या सूचनांमध्ये ‘सगळे मेल’, ‘फक्त प्रायमरी’, ‘फक्त महत्त्वाचे’ असे पर्याय असतात. जीमेल आलेले मेल ‘प्रायमरी’, ‘अपडेट्स’ अशा कप्प्यांत लावतं, आणि ओटीपीचे मेल अनेकदा ‘अपडेट्स’ या कप्प्यात जातात. सूचना ‘फक्त प्रायमरी’वर असतील तर मेल वेळेवर येऊनही फोन वाजणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की हाही उपाय फसला. ‘सगळे मेल’ निवडा, किंवा वेबवर जीमेलमध्ये फिल्टर करून त्या पाठवणाऱ्यांचे मेल प्रायमरीत टाका.

दुसरं ॲप नकोच असेल तर फिल्टरचाच आणखी एक उपयोग आहे. ठरावीक पाठवणाऱ्यांचे मेल जीमेलमधून तुमच्या आयक्लाउड पत्त्यावर फॉरवर्ड करा. आयक्लाउडचं मेल त्याच मेल ॲपमध्ये लगेच वाजतं. सगळं फॉरवर्ड करू नका. प्रत्येक मेलची दुसरी प्रत तयार होते, आणि उत्तर चुकून आयक्लाउडच्या पत्त्यावरून जातं, मग अशील विचारतात हा कुणाचा पत्ता. दोन्ही खात्यांना दुहेरी पडताळणी लावलेली हवी. ओटीपी जिथे जातो ते खातं कच्चं असून चालणार नाही.

काही जण आउटलुक ॲप सुचवतील. त्यात जीमेल जोडलं तर मेल लगेच येतं, कारण मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर तुमच्या वतीनं मेल आणतात आणि मग फोनला कळवतात. म्हणजे मेलची प्रत तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. घरगुती पत्रव्यवहाराला हरकत नाही. पण तुमच्या मेलमध्ये अशिलांचे पॅन, फॉर्म 16, बँकेचे उतारे असतात. जीमेलचं ॲप हाताशी असताना मी तरी हे करणार नाही.

शेवटी तुम्ही मिस्टरांबद्दल विचारलंत: त्यांचं आयक्लाउडचं खातं अँड्रॉइडवर हवं आहे. तिथे हाच प्रकार उलटा होतो. अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये आयक्लाउड खातं जोडता येतं, त्यासाठी ॲपलच्या खात्यात जाऊन ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड बनवावा लागतो. ॲपलचा मुख्य पासवर्ड बदलला की हे वेगळे पासवर्ड रद्द होतात, हे लक्षात ठेवायला सांगा. पण असं जोडलेलं मेलही ठरावीक अंतरानंच येतं. त्यांना सोपं पडेल ते असं: संगणकावर आयक्लाउडच्या साइटवर मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळं मेल त्यांच्या जीमेलवर फॉरवर्ड करायचं. जीमेल अँड्रॉइडवर लगेच वाजेल. तिथेच ‘फॉरवर्ड केल्यावर मेल डिलीट करा’ असा पर्याय दिसेल, तो चालू करू नका. मूळ प्रत आयक्लाउडमध्ये राहू द्या, म्हणजे फॉरवर्ड झालेलं एखादं मेल जीमेलच्या स्पॅममध्ये गेलं तरी ते हातचं जाणार नाही.