कुठलं मुरुड, कुठला कुलाबा?

एकसारख्या नावांमुळे होणाऱ्या घोटाळ्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतोय. दोन-तीन गमतीने विचारलेले आहेत, बाकीच्यांचे पैसे नाहीतर कागद अडकलेत.

प्रश्न: जंजिरा पाहायचा म्हणून मुरुडला समुद्राजवळ खोली घेतली. आगाऊ रक्कम भरल्यावर लक्षात आलं, पत्ता दापोली तालुक्यातला आहे. तिथून जंजिरा किती लांब? (पुणे)

लांब आहे, आणि मधे दोन खाड्या आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. किल्ल्याच्या होड्या शेजारच्या राजपुरीहून सुटतात. तुमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातलं, हर्णै-कर्दे भागातलं. महर्षी धोंडो केशव कर्वे वाढले ते हे गाव. जायचंच असेल तर वेसवीला फेरीबोटीत गाडी चढवा, बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडल्याला उतरा, हरिहरेश्वर-श्रीवर्धन करत दिघी गाठा आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने आगरदांडा. दिवस त्यातच जाणार. माझं ऐकाल तर जंजिरा पुढच्या खेपेला ठेवा. हर्णैला सुवर्णदुर्ग आहे, आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, तो सोडू नका. तिसरं मुरुड लातूर जिल्ह्यात आहे. तिथे खोली घेतली नाहीत हे नशीब समजा.

वेळासचंही तेच. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला. दुसरं दिवेआगरजवळ, श्रीवर्धन तालुक्यात. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला निघणाऱ्यांनी गावाच्या नावाआधी तालुका वाचावा.

प्रश्न: वडिलांच्या १९५८च्या शाळेच्या दाखल्यावर 'मु. रोहा, जि. कुलाबा' असं आहे. मुलगा म्हणतो, आजोबा मुंबईत कुलाब्याला शिकले असणार. रोहा तिथे कसं? (ठाणे)

आजोबा रोह्यालाच शिकले. आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं, अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यावरून. ओहोटीला चालत जाता येतं तोच हा किल्ला. मुंबईचा कुलाबा हे वेगळं बेट. १८३८मध्ये रस्ता बांधून ते मुंबईला जोडलं. जुन्या कागदावर कुलाब्याच्या आगेमागे पेण, पनवेल, रोहा, माणगाव, महाड, श्रीवर्धन असं काही दिसलं, की तो जिल्हा. पिनकोड शोधत बसू नका, तो १९७२मध्ये आला.

यात एक मजेदार गुंता आहे. पावसाळ्यात बातम्यांमधून 'कुलाबा' आणि 'सांताक्रूझ' इथला पाऊस सांगतात, तो मुंबईचा कुलाबा. तिथली वेधशाळा १८२६ची. हवामानाबरोबर तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होत, आणि सप्टेंबर १८५९चं प्रचंड सौरवादळ तिथल्या उपकरणांनी टिपलेलं आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह खेळला की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे सगळ्या नोंदी वाया. तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं. लोखंड वर्ज्य करून इमारती बांधल्या. नव्या-जुन्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून काही काळ दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागचं काम सुरळीत चालू होतं. थोडक्यात, कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात गेली! त्या काळातली टिपणं वाचताना नेमका कुठला कुलाबा, हे दर वेळी तपासावं लागतं.

प्रश्न: मांडवी एक्सप्रेसला आमच्या मांडवीचं नाव दिलंय ना? पैज लागली आहे. (रत्नागिरी)

पैज हरलात. ती गोव्याची मांडवी नदी, जिच्या काठी पणजी वसली आहे. गाडीही मडगावपर्यंत जाते. तुमचा मांडवी किनारा वेगळा, मुंबईत मस्जिद बंदराजवळची मांडवी वेगळी आणि कच्छमधली, लाकडी जहाजं बांधणारी, आणखी वेगळी. मन खट्टू करू नका. दादर-सावंतवाडी गाडीला २०१७मध्ये 'तुतारी' हे नाव मिळालं ते केशवसुतांच्या कवितेवरून, आणि केशवसुत तुमच्याच जिल्ह्यातल्या मालगुंडचे. निवडणुकीतल्या तुतारीचा त्या गाडीशी संबंध नाही.

प्रश्न: आंब्याच्या पेटीवर 'जीआय'. डॉक्टर म्हणतात, मधुमेह आहे, 'जीआय' बघून खा. आणि पॅकिंगच्या शेडला दुकानदार 'जीआय' पत्रा सुचवतो. हे सगळं काय आहे? (देवगड)

तिघांचाही एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पेटीवरचं म्हणजे भौगोलिक मानांकन. कोकणच्या हापूसला ते २०१८मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. फळ कुठलं, एवढंच ते सांगतं. गोडी सांगत नाही आणि साखर तर नाहीच.

डॉक्टरांचा जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. शुद्ध ग्लुकोजला १०० धरून त्या मानाने पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, त्याचं हे माप. ५५ आणि त्याखाली कमी, ७० आणि वर जास्त. आंबा साधारण पन्नाशीच्या आसपास येतो. पण म्हणून एका बैठकीला चार आंबे कापू नका, कारण किती खाल्लं हे त्या आकड्यात धरलेलं नाही. किती आंबे खायचे, ते तुमच्या डॉक्टरांशीच बोलून ठरवा.

पत्र्याचा जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. खाऱ्या वाऱ्यात ही झीज भराभर होते, म्हणून दुकानदाराला 'जीआय आहे का' असं विचारून भागत नाही. 'जस्त किती जीएसएमचं?' असं विचारा. १२० आणि २७५ यांच्या किमतीत फरक असतो, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर शेड असेल तर तो फरक मोजावा. हा जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम; लग्नपत्रिकेच्या कागदावर छापखानेवाले सांगतात तोच. मोबाइलचा जीएसएम मात्र निराळा.

प्रश्न: नातू मुंबईहून म्हणाला, 'आजी, दशावतार बघितला.' मी विचारलं, 'खयच्या मंडळाचो?' तो हसायलाच लागला. (कुडाळ)

त्याने २०२५चा मराठी चित्रपट पाहिला. त्याचं तुमच्या दशावताराशी नातं आहे, नायक दशावतारी नटच आहे. २००८मध्ये त्याच अर्थाच्या नावाचा तमिळ चित्रपट आला होता, कमल हासनच्या दहा भूमिकांचा. त्याचा कोकणाशी संबंध नाही. आणि सावंतवाडीला कोणी 'दशावतारी' मागितली, तर समोर गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जोड येतो: गोल, हाताने रंगवलेली १२० पानं, दर अवताराची बारा. जत्रेतल्या दशावतारात दहा अवतार ओळीने येतात असंही नाही. गणपती, शारदा, संकासुर होऊन गेले, की रात्रभर एखादं आख्यान. नातवाला जत्रेला घेऊन जा, हसणं आपोआप थांबेल.

प्रश्न: होडीच्या इंजिनावर एचपी, डिझेलच्या पंपावर एचपी, मुलीच्या लॅपटॉपवर एचपी. कंपनी एकच का? (हर्णै)

नाही. इंजिनावरचा एचपी म्हणजे अश्वशक्ती, एकाला सुमारे ७४६ वॅट. पंप हिंदुस्तान पेट्रोलियमचा. लॅपटॉप ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी १९३९मध्ये काढलेल्या कंपनीच्या नावाचा. सफरचंदाच्या ट्रकवर दिसला तर हिमाचल प्रदेश.

प्रश्न: सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचंय. सिंधुदुर्ग स्टेशनचं तिकीट काढू ना? (नाशिक)

काढू नका. किल्ला मालवणला समुद्रात, आणि ते स्टेशन ओरोसजवळ, जिल्ह्याच्या मुख्यालयासाठीचं. १९८१मध्ये रत्नागिरीतून वेगळ्या काढलेल्या जिल्ह्याला किल्ल्याचं नाव दिलं आणि तेच स्टेशनलाही आलं. कुडाळचं तिकीट काढा. गाड्या जास्त थांबतात आणि मालवणला एसटी मिळते. मालवणात रिक्षावाल्याने 'राजकोट' म्हटलं तर दचकू नका, गुजरात नव्हे, तिथल्याच जुन्या कोटाचं ते नाव आहे.