आरोग्य प्रश्नोत्तरे : कपाळ दुखते ते सायनसमुळेच का?

प्रश्न : माझे वय 38 असून मी शिक्षिका आहे. गेली काही वर्षे महिन्यातून तीन-चार वेळा कपाळ, भुवया आणि डोळ्यांखालचा भाग जड होऊन ठणकतो. त्या वेळी नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, कधी मळमळते. उन्हाळ्यात त्रास वाढतो. ‘सायनस’ म्हणून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, वाफही नेहमी घेते. गोळी घेऊन झोपले की दुसऱ्या दिवशी बरे वाटते, पण दुखणे पुन्हा येतेच. कायमचा उपाय सांगावा.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातील मळमळ आणि एका झोपेनंतर उतरणारे दुखणे या दोन गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण सायनसचा संसर्ग असा एका रात्रीत ओसरत नाही. कपाळात, गालांत, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि त्यामागे खोलवर हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात; त्यांनाच सायनस म्हणतात. सर्दीने त्यांची नाकात उघडणारी अरुंद तोंडे सुजून बंद झाली, की आतला स्राव साचतो आणि चेहऱ्यावर दाब जाणवतो. खऱ्या सायनुसायटिसमध्ये, म्हणजे सायनसला सूज आली की, नाकातून किंवा घशात घट्ट, पिवळा-हिरवा स्राव येतो, वास कमी येतो, वरच्या दाढा दुखतात, कधी तापही असतो. आपण यांपैकी कशाचाही उल्लेख केलेला नाही.

माझ्या मते आपला त्रास बहुधा मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा, आहे. चेहरा, सायनस आणि मेंदूची आवरणे यांच्या संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूमार्फत जातात आणि मायग्रेनमध्ये तो चेतला की नाक चोंदते, पाणी गळते, डोळे भरून येतात; म्हणूनच रुग्णाची आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही गल्लत होते. 2004 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या किंवा तसे निदान झालेल्या सुमारे 3000 जणांपैकी 88 टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात बसली. दुखताना मळमळते का, उजेड सहन होत नाही का आणि गेल्या तीन महिन्यांत या दुखण्यामुळे एखादा दिवस तरी कामे अडली का, हे स्वतःला विचारून पाहावे. दोन उत्तरे ‘हो’ असतील तर मायग्रेनची शक्यता बरीच वाढते. अशा वेळी अँटिबायोटिक निरुपयोगी ठरते.

नागपुरात पारा 45 अंशांपुढे गेला, की दुपारचे ऊन, कमी पडलेले पाणी, उपवास, लांबलेले जेवण आणि उकाड्याने मोडलेली झोप ही सगळी मायग्रेनला चाळवणारी कारणे एकत्र येतात. कूलरचे म्हणाल, तर साचलेले पाणी आणि बुरशी धरलेले गवत किंवा खस यांमुळे ॲलर्जीची सर्दी होऊ शकते, म्हणून पाणी वरचेवर बदलावे आणि हंगामाच्या सुरुवातीला गवत नवे घालावे. दुखणे सुरू होताच, ते वाढण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घ्यावी व अंधाऱ्या, शांत खोलीत पडावे. मात्र साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा त्याहून अधिक दिवस, आणि मिश्र घटकांची 10 किंवा त्याहून अधिक दिवस, अशी काही महिने घेत राहिल्यास गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. कोणत्या दिवशी दुखले, त्याआधी जेवण-झोप कशी होती, पाळी कधी होती, याची वही ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. दुखणे महिन्यात चार किंवा अधिक दिवस येत असेल, तर ते टाळणारी औषधे उपलब्ध आहेत. मुळातून नाहीसे करण्याचे आश्वासन मी देणार नाही, पण त्रास पुष्कळ कमी करता येतो.

प्रश्न : सर्दीने सायनस भरले की घरी काय करावे? नाकात घालायचे थेंब चालतात का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बहुतेक वेळा हा संसर्ग विषाणूंचा असतो आणि सात ते दहा दिवसांत आपोआप उतरतो. तोवर पॅरासिटामॉल, विश्रांती आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे पुरेसे असते. त्यासाठी पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे, थेट नळाचे कधीही घेऊ नये. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत, कारण पुढे त्यांच्यामुळेच नाक अधिक चोंदते. वाफेने तात्पुरता आराम पडतो, परंतु उकळत्या पातेल्याजवळ मुलांना बसवू नये. भाजण्याचे अपघात घडतात.

दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर त्रास पुन्हा उलटला, तर डॉक्टरांना दाखवावे. अँटिबायोटिकचा विचार तेव्हा होतो. डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणे, मान आखडणे, तीव्र ताप, किंवा मधुमेही व्यक्तीच्या नाकात काळी खपली आणि गालाला बधिरपणा (2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या संसर्गाने, आपल्या भागात काय केले ते आपण पाहिले आहे) यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता मेडिकल, मेयो किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.