व्हेनोग्राफीत शीर दिसली नाही, म्हणजे गुठळीच का?

मेंदूच्या शिरांच्या एमआरआयचे, म्हणजे व्हेनोग्राफीचे, अहवाल वाचून धास्तावलेल्या वाचकांचे प्रश्न सतत येतात. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : या तपासणीत क्ष-किरण वापरतात का?

उत्तर : नाही.

प्रश्न : अधूनमधून डोके दुखते, म्हणून कॉन्ट्रास्टशिवाय (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचे द्रव्य न देता) व्हेनोग्राफी केली. ‘डावा ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूच्या मागच्या बाजूची मोठी शीर) दिसत नाही’ असा अहवाल आला. ही गुठळीच आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करा, असे एक परिचित सांगतात.

उत्तर : परिचितांच्या सांगण्यावरून एकही गोळी घेऊ नका. कॉन्ट्रास्टशिवाय वापरल्या जाणाऱ्या ‘टाइम ऑफ फ्लाइट’ पद्धतीत शिरेची भिंत नव्हे, तर वाहते रक्त टिपले जाते. चित्रातील प्रत्येक कापावर (पातळ छेदावर) रेडिओलहरींचा मारा होत राहिल्याने स्थिर ऊतींचा संदेश दबतो आणि बाहेरून नव्याने शिरणारे रक्त तेवढे उजळते. रक्त संथ असेल किंवा शीर कापाला समांतर जात असेल, तर त्या रक्ताचाही संदेश दबतो आणि धडधाकट शिरेच्या जागी खंड दिसतो. डावा ट्रान्सव्हर्स सायनस अनेकांचा मुळातच बारीक असतो, त्यामुळे ही फसगत तेथे नेहमीची आहे.

याउलट होणारी चूक मला अधिक घातक वाटते. काही दिवसांच्या गुठळीतील मेथहिमोग्लोबिन (हिमोग्लोबिनचे बदललेले रूप) टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात स्वतःच उजळ असते आणि त्यामुळे बंद शीर व्हेनोग्राफीत वाहती भासते. पहिल्या काही दिवसांत तीच गुठळी टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात काळी, म्हणजे वाहत्या रक्तासारखी दिसते. म्हणूनच मूळ काप, टी-१, टी-२ आणि एसडब्ल्यूआय (गुठळीतील रक्ताचे अंश ठळक दाखवणारी) चित्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात, आणि शंका उरली तर कॉन्ट्रास्ट द्यावा लागतो. ‘फक्त व्हेनोग्राफी, सवलतीच्या दरात’ अशी पॅकेजे विकणे मला म्हणूनच गैर वाटते. केवळ अहवालाचा कागद नव्हे, संपूर्ण सीडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टना भेटा.

प्रश्न : ३ टेस्लाच्या (अधिक ताकदीच्या चुंबकाच्या) यंत्रावर असे दोष येत नाहीत, असे जाहिरातीत वाचले.

उत्तर : येतात.

प्रश्न : बाळंतपणाला बारा दिवस झाले. वहिनींचे डोके रोज अधिक दुखते, कालपासून धूसर दिसते. बाळंतिणीला असे होतेच, असे घरचे म्हणतात. कॉन्ट्रास्ट दिल्यास अंगावरचे दूध थांबवावे लागेल का?

उत्तर : वाढती डोकेदुखी आणि धूसर दृष्टी यांना ‘होतेच’ म्हणून घरी ठेवू नये, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. त्यांना आजच, न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात न्या. कॉन्ट्रास्टचा अत्यल्प अंश दुधात उतरतो, त्यामुळे सहसा पाजणे थांबवावे लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना आधी सांगा.