लोणार हे ज्वालामुखीचं मुख नाही, हे कशावरून ठरलं?

तुम्ही विचारलंय की लोणारला अशनीचा तुकडा मिळालेला नाही, आसपास सगळा ज्वालामुखीचाच खडक आहे, मग ते ज्वालामुखीचं मुख कशावरून नसेल? शंका रास्त आहे. कित्येक वर्षं बऱ्याच भूशास्त्रज्ञांचंही तेच मत होतं. मी खडकशास्त्र शिकवतो, आणि हा प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो.

आधी अशनीचं बोलू. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगानं येऊन आदळलेला मोठा अशनी बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जातो. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं विवर अशनीच्याच आघातानं झालेलं, आणि त्याच्याभोवती तर लोखंडाचे तुकडे पडलेले होते. तरीही जमिनीत गाडला गेलेला मोठा गोळा हाती लागेना, म्हणून गिल्बर्टसारख्या थोर भूशास्त्रज्ञानं 1890च्या दशकात ते वाफेच्या स्फोटाचं विवर ठरवलं. त्यामुळे अशनी सापडला नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

गोल आकारावरूनही होत नाही. लोणारचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर. काठावर नीट पाहिलंत तर दख्खनचे लाव्हाचे थर, जे एरवी जवळजवळ आडवे असतात, ते इथे बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी चक्क उलटलेले. काठापलीकडे किलोमीटरभराहून जास्त अंतरापर्यंत उडालेल्या दगडामातीचं आच्छादन आहे. म्हणजे स्फोट झाला, हे नक्की. पण तो वाफेचाही असू शकला असता.

निकाल लागला तो खडकातल्या खनिजांवरून. विवराच्या तळात बोअर घेतले, काठावर चर खणले. त्यातून निघालेल्या दगडांवरचा फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा शोधनिबंध 1973 साली प्रसिद्ध झाला. बेसाल्टमध्ये, म्हणजे दख्खनच्या काळ्या लाव्हा-खडकात, प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे लांबट स्फटिक असतात. दगडाचा कागदासारखा पातळ काप काढून पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली (ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली) फिरवला, की त्यांच्यावर करड्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात, आणि फिरवू तशा त्या आळीपाळीनं उजळतात, काळवंडतात. लोणारच्या आघात झालेल्या तुकड्यांत स्फटिकाची कड जशीच्या तशी असते, पण आतला भाग कसाही फिरवा, काळाच राहतो. शेजारचं पायरॉक्सिन हे दुसरं खनिज मात्र रंगीत चमकत असतं. फेल्डस्पारची आतली रचना मोडून त्याची काच झालेली असते. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. तिच्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या दोन-तीन लाख पट दाब लागतो, तोही क्षणार्धात. ज्वालामुखीच्या स्फोटात त्याच्या आसपासचाही दाब निर्माण होत नाही. माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हाच. चरांमध्ये खडक पूर्ण वितळून झालेल्या काचेचे गोळे आणि बारीक गोलकही मिळाले.

इतर ठिकाणी गारेचं खनिज, म्हणजे क्वार्ट्‌झ बघतात. ॲरिझोनाच्या वालुकाश्मात 1960 साली चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांनी कोएसाइट दाखवलं, ते अतिदाबाखाली बदललेलं क्वार्ट्‌झच. मध्य प्रदेशातलं ढाला विवरही आघात झालेल्या क्वार्ट्‌झवरूनच ओळखलं गेलं. आपल्या काळ्या पाषाणात क्वार्ट्‌झ जवळपास नसतंच, त्यामुळे ही सोय नाही, म्हणून फेल्डस्पारकडे वळावं लागतं.

वयाचा मुद्दाही आहेच. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवराचं वय एका पद्धतीनं 50 हजार वर्षांच्या आसपास येतं, तर वितळलेल्या काचेतल्या आर्गॉन वायूवरून 5.7 लाख. आकड्यांत दहापटीचा फरक आहे, पण कुठलाही धरला तरी तोवर इथले ज्वालामुखी केव्हाच थंडावलेले होते.

जवळच उत्तरेला अंबर तळं आहे, तेही गोलसर. त्याच अशनीच्या तुकड्यानं ते झालं असं काहीजण सांगतात. पण तिथून आघाताची अशी खूण दाखवणारं खनिज पुढे आलेलं नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना त्याची गणना आघात-विवरांत करू देत नाही.